कावून रे डोलीवाले

मला गाण्यांचा शौक नाही, हे आधीच सांगून ठेवते. जुन्या पिक्चरच्या गाण्यांचा तर मुळीच नाही. आमच्या शाळेतले मास्तर मधल्या सुट्टीत टेबलावर मोबाईल लावून डोळे मिटून माना डोलवतात, तेव्हा डब्यातली चटणी त्यांच्या डोळ्यांत घालावी असं वाटतं. मी केजला हिंदी शिकवते, म्हणून लोकांचा समज की मॅडमला गाणी येत असतील. मॅडमला भांडायला येतं. एक गाणं शोधत मी अर्धा बीड जिल्हा पालथा घातला, तोसुद्धा गाण्याच्या प्रेमानं नाही. सख्ख्या भावाची जिरवायची होती म्हणून.

गाणं माझ्या मायचं. माय नांदूरघाटला दादाकडे राहते. वय झालंय, तोंडाचं बोळकं झालंय, कानांना मात्र सगळं ऐकू येतं. सकाळी चहा पोटात गेला की ओसरीच्या कडेला बसायची आणि गायची. एकच ओळ. "का…ून रे डोलीवाले, डोली मेरी उठाई." एवढं म्हणून थांबायची. मान तिरपी करून कान द्यायची. मध्ये कुणी बोललं तर हातानं 'गप' म्हणायची. थोडा वेळ असं बसून झालं की तोंड पाडायची, कुणावर तरी चिडायची, पदर डोळ्यांवर ओढायची. मग परत तीच ओळ, परत तेच थांबणं.

ओळीतला पहिला शब्द कुणालाच धड कळत नव्हता. दात नसलेल्या तोंडातून 'न' कुठला आणि 'व' कुठला? घरात सगळ्यांनी 'कानून' धरला. मीही तोच धरला. मी तर हिंदीची बाई, माझ्या बोलण्यावर सगळ्यांनी शिक्कामोर्तब केलं.

दादाबद्दल सांगते. दादा गावचा पुढारी आहे. कुणाच्याही मयतीला कडक इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांच्या आधी हजर, आणि घरात माय खोकली तर ह्याचा फोन चालू. जयंतीला निळा फेटा बांधून स्टेजवर समतेवर असं बोलतो की समोरची पोरं टाळ्या वाजवून दमतात. स्टेजवरून उतरला की फेटा गाडीच्या मागच्या सीटवर फेकतो. मी पाहिलंय.

एकदा माय घरात दिसेना. सगळी पळापळ. सापडली वेशीच्या पलीकडे, बौद्धवाड्याच्या वाटेवर, काठी टेकत चाललेली. दादा म्हणाला, चुकली. रस्ता विसरली. त्या दिवसापासून वहिनीनं मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. दुपारी कडी, पाहुणे आले की कडी, वहिनी बाजारला गेली की कडी. मी पहिल्यांदा ती कडी बघितली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माणूस हाय का म्हैस हाय गं ती?" मी वहिनीला विचारलं.

"वन्सं, तुमाला कावून राग येतोय?" वहिनी पीठ मळता मळता म्हणाली. "तुमी न्या केजला. मी कडी काडून टाकते."

नेलं नव्हतं का मी? दोनदा नेलं. तिसऱ्या दिवशी बोचकं बांधून दारात उभी. "मला माज्या गावाला सोड. तिकडं माजं काम हाय." कसलं काम, तर ते सांगायची नाही. बसायची ओसरीच्या कडेला आणि डोली उचलायची.

मग दादानं तिला डॉक्टरकडं नेलं. मी सोबत होते. डॉक्टरनं विचारलं, नेमकं काय होतं? दादा म्हणाला, "नसलेली गाणी म्हणती. मधीच हरवती. डोकं गेलंय." डॉक्टर मान डोलवत लिहीत होता. माय त्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसली होती आणि आपल्याबद्दल काय बोलतायत ते सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर दादानं सांगितलं की लातूरकडं एक संस्था आहे, म्हाताऱ्या माणसांची, दिवाळी झाली की तिथं नेऊन ठेवणार.

"गाणं नसलेलं कशावरून?" मी म्हणाले. "तू काय जगातली सगळी गाणी ऐकून बसलायस?"

"मग आन की तुजं गाणं," दादा गाडीचं दार उघडत म्हणाला. "आन. समद्यांना ऐकीव. सापडलं तर माय शहाणी, म्या कुटंबी नेत न्हाई, कडीबी काडतो. न्हाई सापडलं तर परत ह्यात नाक खुपसायचं न्हाई."

तर असा हा माझा गाण्यांचा शौक.

मी आधी मोबाईलवर मायची ओळ भरून घेतली. आजकाल फोनला गुणगुणलं तरी तो गाणं ओळखतो म्हणतात. माझ्या फोननं मायचं गाणं ऐकलं आणि गणपतीत वाजतं तसलं एक धांगडधिंगा गाणं काढून दिलं. मग मास्तरांनी मला जुन्या गाण्यांच्या रसिकांच्या एका व्हॉट्सॲप गटात घातलं. देवा रे, काय ती माणसं! पहाटे उठून एकमेकांना गुलाबाच्या फुलांवर गाणी लिहून पाठवतात. मी ओळ टाकली, मायचा आवाज टाकला. एक म्हणाला, कानून म्हणजे कोर्टातला पिक्चर असणार, नायिकेवर खटला आहे. दुसरा म्हणाला, कानून नाही, काबूल आहे, नायिका पठाणाची आहे. ह्या दोघांचं तीन दिवस भांडण चाललं, त्यात मला कुणी विचारेना. शेवटी पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ अवतरले. "ताई, अशी ओळ हिंदी चित्रपटसृष्टीत नाही. हे मी जबाबदारीने सांगतो. आईंना विश्रांतीची गरज दिसते." मी त्यांना, त्यांच्या जबाबदारीला आणि त्यांच्या गुलाबाच्या फुलांना जे लिहिलं ते इथं लिहिता येणार नाही. संध्याकाळपर्यंत मला गटातून काढलं होतं.

मग बीडला गेले. बसस्टँडजवळ एक दुकान आहे, टेम्पोवाल्यांना पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतात. त्या पोरानं मायचा आवाज अर्धा ऐकला आणि विचारलं, "मावशी, ह्याला बीट टाकून देऊ का?" मी त्याच्याकडं बघितलं. बहुतेक तो घाबरला, कारण लगेच म्हणाला, असलं जुनं वडवणीला एका माणसाकडं मिळेल, त्याच्या घरात नुसते गाण्यांचे तवे आहेत.

वडवणीचा तो माणूस म्हणजे एक नमुना होता. कुठल्या तरी कचेरीतून रिटायर झालेला, अंगात बनियन, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ग्रामोफोनच्या तव्यांची चळत. मला दारातच उभं केलं. पाणी विचारलं नाही. चप्पल काढा म्हणाला, मग हात धुवा म्हणाला, मग म्हणाला, कशाला हात लावू नका. मी म्हणाले, हात लावायचाच नव्हता तर धुवायला कशाला सांगितले? गाणं देत नाही, फक्त ऐकवतो, आणि मोबाईलवर भरून घ्यायचं नाही, अशी त्याची अट. जगात त्याच्या एकट्याच्या कानांनाच तेवढी जागा असावी असा त्याचा तोरा.

मी मायची ओळ लावली. त्यानं ती एकदाच ऐकली, उठला, चळतीतून एक तवा ओढला, फडक्यानं पुसला आणि लावला.

आणि बाई गं, तीच चाल! वळणाला वळण तेच. सनई, मागून ढोलक, आणि कुणीतरी बाई त्याच सुरात गाऊ लागली. मला त्या घाणेरड्या बनियनवाल्याचे पाय धरावेसे वाटले. दादाचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्या तोंडाला मी काय काय ऐकवणार होते तेही आलं. मी मनातल्या मनात संस्था, कडी, डॉक्टर, सगळं उडवून लावलं.

पण ओळ येईना. तव्यावरची नवरी डोलीवाल्यांना सांगत होती, चला रे, लवकर उचला, माझा साजण वाट बघतोय. एक कडवं झालं, दुसरं झालं, सनई झाली, तवा संपला. मायची नवरी कुठंच नव्हती.

"पिक्चरमध्ये जास्तीचं कडवं असंल," मी म्हणाले.

"न्हाई. पिक्चर म्या पाहिलाय. दोनच कडवी."

"तुमच्या लक्षात नसेल."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्या तव्यावर थुंकले. "मोबाईल लावा परत," म्हणाला. मी लावला. त्यानं डोळे बारीक केले, आणि मग हसायला लागला. चांगला गदागदा हसला.

"मॅडम, तुमी शाळेत शिकवता काय?"

"हिंदी."

"हिंदी! अन् तुमाला हे कानून ऐकू येतंय? कावून म्हणतीया ती. कावून रे डोलीवाले, डोली मेरी उठाई. का बरं उचललीस? आता मुंबईचा कोणता शायर 'कावून' लिहील, सांगा बरं मला. हे कोणत्याच पिक्चरचं न्हाई. म्हातारीनं मनानं जोडलंय."

कावून. जन्मापासून तोंडात असलेला शब्द. पोरांनी वर्गात म्हटला की मी त्यांना फळ्यावर 'का' लिहून दाखवते. बाकीची ओळ हिंदी होती म्हणून आम्ही सगळे, मी, दादा, ते गुलाबाचे रसिक, हिंदीतच शोधत बसलो. मेलं, आपल्याच घरातला शब्द आम्ही काबूलला पाठवला.

पण लाज वाटायच्या आधी राग आला, कारण दादा बरोबर ठरत होता. गाणं नव्हतं. नसलेलंच होतं. मी तशीच उठले.

तो तवा पाकिटात घालत होता. मान वर न करता म्हणाला, "अन् ही मधी थांबती कावून?"

"विसरते."

"इसरणारा माणूस असा थांबत न्हाई. चाचपडतो. ही वाट बघतीया. हिच्या फुडचं कोण म्हणतं?"

मला माणसं आवडत नाहीत ती ह्याच्यासाठी. आयुष्यात एकदाही पाणी विचारणार नाहीत, आणि जे आपल्याला सुचायला पाहिजे ते नेमकं त्यांना सुचेल.

रविवारी मी नांदूरघाटला गेले. सकाळची वेळ, कडी काढलेली, माय ओसरीच्या कडेला. दादा आंघोळीला गेला होता. मी तिच्याजवळ बसले. तिनं ओळ म्हटली आणि मान तिरपी केली.

"माय, फुडचं कोण म्हणायचं गं?"

इतक्या दिवसांत सगळ्यांनी तिला एकच विचारलं होतं, कोणत्या पिक्चरमधलं? डॉक्टरनं तेच, दादानं तेच, मीही तेच. तिनं माझ्याकडं वळून नीट बघितलं.

"ती," म्हणाली.

"ती कोण?"

"खुरपायला यायची ती. बौद्धवाड्यातली. ती आली म्हंजी लावंल फुडची ओळ." मग तिचा आवाज चढला. "पर येतच न्हाई मेली! म्या गेलते बघायला, तर ह्येंनी धरून आनलं मला."

मला ती कोण हे लगेच कळलं. लहानपणी आमच्या वावरात मायबरोबर खुरपायला यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशी म्हणायचो आणि तिचा चहाचा कप गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. मी तशीच उठले आणि वेशीच्या पलीकडे गेले.

म्हातारी दारात शेंगा फोडत होती. पाठीत वाकलीय, नजर मात्र सुईसारखी. मला बघून म्हणाली, "मेली का काय तुजी माय?"

"न्हाई मेली. ती म्हणतीया तूच मेलीस. भेटायला कावून येत न्हाईस?"

शेंगेचं टरफल तिनं माझ्या अंगावर फेकलं. "कोन येत न्हाई? दर बाजाराच्या दिशी येते म्या. तुजी भावजय म्हणती, झोपल्यात. म्हणती, आता कुनाला वळखत न्हाईत. मग म्या पायरीखाली बसते जराशी, अन् येते माघारी."

मी तिला मोबाईल ऐकवला. तिनं मायची ओळ ऐकली आणि बोळक्यानं हसली. मग सांगितलं. दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हा गावात तंबूचा पिक्चर यायचा. बायकांची बाजू कनात लावून वेगळी.

"उजेडात तुजी माय फुडं अन् म्या पार मागं. रीळ संपलं की अंधार. अंधार झाला की म्या सरकत सरकत तिच्यापशी. त्या पिक्चरात नवरीची डोली उचलली अन् तितंच रीळ संपलं बग. बाया लागल्या रडायला. तुजी माय लागली गायला, त्याच चालीवर, मनानं. कावून रे डोलीवाले. मग म्या तिला फुडची ओळ लावली. रीळ चालू व्हायच्या आदी म्या परत मागं. मग वावरात तेच. ती पिकाच्या एका तासाला, म्या शेजारच्या तासाला. तिनं म्हणायचं, म्या लावायचं. म्या लावल्याबिगर फुडं जायचीच न्हाई. लई हट्टी."

"ऊठ," मी म्हणाले. "चप्पल घाल."

आम्ही पोचलो तोपर्यंत ओसरीवर दादाची माणसं बसली होती, पांढऱ्या कपड्यातली, हातात चहाचे कप. निवडणुकीचं काहीतरी चाललं होतं. पाहुणे आले म्हणजे मागच्या खोलीला कडी.

वहिनी पुढं झाली. माझ्याकडं न बघता मावशीला म्हणाली, "झोपल्यात त्या."

"मग उठीव," मी म्हणाले.

दादा माणसांसमोर हसून बोलला, "तायडे, आता नगं. मिटिंग चालू हाय."

"गाणं आणलंय मी."

"मोबाईलवर हाय का?"

"न्हाई. चालत आलंय."

त्याला कळलं नाही. त्यानं मावशीकडं बघितलं आणि तोंड वाकडं करून हातानं 'मागनं जा' अशी खूण केली. समतेवर बोलतो तोच हात. मी मावशीचा दंड धरला. "ह्याच पायरीवरून," म्हणाले. ती पायरीखाली क्षणभर थांबली. मग माझा हात सोडवून, गुडघ्यावर हात टेकून आपली आपण वर चढली. चहाचे कप हातातल्या हातात राहिले. कुणी सरकलं नाही, पण कुणी अडवलंही नाही, कारण त्यांतल्या निम्म्यांना बौद्धवाड्यातली मतं पाहिजे होती.

ती कडी लावलेल्या दाराजवळ खाली बसली. दारावर बोटाची पेरं वाजवली, नुसती, हाक न मारता.

आत काठी जमिनीवर लागल्याचा आवाज आला. मग माय सुरू झाली. "कावून रे डोलीवाले, डोली मेरी उठाई." आता मला 'कावून' स्वच्छ ऐकू आलं. इतकं स्वच्छ, की कधी 'कानून' ऐकलं होतं ह्याचाच राग आला. ओळ संपली. माय थांबली. दाराच्या आत तिनं मान तिरपी केली असेल.

मावशीनं डोळे मिटले नाहीत की माना डोलवल्या नाहीत. कुणाला हिशेब विचारावा तसं समोर बघून म्हणाली,

"सखी मेरी बांधावर, एकली रह गई."

आत काहीच आवाज नाही. मला वाटलं, संपलं, ओळखलं नाही तिनं. दादालाही तेच वाटलं असणार, त्यानं कप खाली ठेवला. मग दार आतून हललं. कडी खडखडली, एकदा, दोनदा, आणि माय एवढ्या जोरात ओरडली की गल्लीतली माणसं डोकावली.

"लई येळ लावलास गं भवाने! कुटं मेली व्हतीस इतके दिस?"

मावशीनं वहिनीकडं बघितलं नाही. दादाकडंही बघितलं नाही. कडीच्या खाली, लाकडावर हाताचा पंजा टेकला.

"दारातच व्हते गं," ती म्हणाली. "दारातच व्हते."

कडी दादानं काढली.